बंद करायचं राहिलं

"दिसतेय का मी?" विज्ञानाच्या बाईंनी विचारलं.

"दिसतेस," शेवटच्या बाकावरून त्यांचा नवरा हळूच म्हणाला.

"दिसताय, दिसताय. निम्म्याच, पण दिसताय," भूगोलाच्या सरांनी मोठ्याने सांगितलं आणि सगळे हसले.

संगणकाच्या खोलीचे पडदे ओढलेले होते. वर्गात तंत्रज्ञान वापरताना कोणाला काय अनुभव आला, ते शिक्षकांनी एकमेकांना सांगायचं, असं मुख्याध्यापिकांनी ठरवलं होतं. धडा रेकॉर्ड कसा करायचा, तेही बाई टॅबसमोर उभं राहून करूनच दाखवणार होत्या. टॅब ठेवायचा लोखंडी स्टँड नवऱ्याने बनवून दिला होता. तो शिक्षक नव्हता. त्याचं आयुष्य कारखान्यात लेथवर गेलं होतं. पण तो मागे येऊन बसला तर त्याला कोणी हटकलं नाही.

बाईंनी स्टँड थोडा वर केला आणि चष्मा शोधायला लागल्या. पर्समध्ये, टेबलावर, टॅबच्या मागे.

"डोक्यावर आहे," नवरा पुटपुटला.

"अय्या, डोक्यावरच की!"

पुन्हा हशा.

"माझ्यासारखं होऊ देऊ नका, बाई," भूगोलाचे सर म्हणाले. "मी प्रोजेक्टरवर नकाशा उलटा लावला. अख्खा तास दक्षिण वर. एक कार्टं बोललं नाही."

"त्यांना वाटलं असेल, सर म्हणतात म्हणजे फिरली असेल पृथ्वी," बाई म्हणाल्या आणि हसता हसता त्यांना खोकला आला. तो लवकर थांबेना. त्यांनी टेबलाचा आधार घेतला, पाणी प्यायल्या.

"बाई, आज दवाखान्यात जायचं होतं ना तुम्हाला?" मुख्याध्यापिकांनी विचारलं. "डॉक्टरांनी बोलावलं होतं म्हणालात."

"जाईन हो. परीक्षा एकदा पार पडू दे. दवाखाना कुठे पळून जातोय?"

नवऱ्याने गुडघ्यावर मूठ आवळली. घरीही त्यांचं हेच पालुपद. वजन उतरलेलं, कपडे अंगावर सैल झालेले, रात्री उशीला टेकून बसायची वेळ आलेली, आणि बाई मात्र प्रश्नपत्रिका काढत बसायच्या. त्याला फार काही नको होतं. त्यांनी हे बोलणं इथेच सोडावं, पर्स उचलावी आणि निघावं, एवढंच.

"नीघ," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता नीघ."

या वेळी त्याचा आवाज चांगला मोठा निघाला. पण कोणी वळून पाहिलं नाही.

"तर माझा अनुभव असा," बाईंनी घसा साफ केला. "हृदयाचा धडा मी घरी रेकॉर्ड केला. धडा संपला, पण बंद करायचं राहिलं. आणि तसाच वर्गाला पाठवून दिला. पुढे त्यात काय, तर मी ओरडतेय, 'अहो, दूध बघा, दूध!' आणि आमचे हे बनियनवर, हातात वर्तमानपत्र, दूध सोडून माझ्याचकडे बघत उभे. उतू गेलं सगळं!"

"म्हणून मी म्हणते, खडू बरा," भाषेच्या बाई म्हणाल्या. "खडू कोणाच्या घरात डोकावत नाही."

दुधाची गोष्ट नवऱ्याला पाठ होती, तरी त्याला हसू आलं.

"ऐका तर. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. वर्षभर तोंड उघडलं नव्हतं तिने. चुकेल म्हणून भ्यायची. दुसऱ्या दिवशी तिने हात वर केला. म्हटलं, वा, हृदयाबद्दल विचारणार. तर म्हणते कशी, 'बाई, मग चहा कशाचा केला?'"

हशा ओसरेपर्यंत बाई थांबल्या.

"पण तेव्हापासून बोलायला लागली पोरगी. बाईंचंच चुकतं म्हटल्यावर तिला कसली भीती? म्हणजे शिकवलं ते यंत्राने नाही, माझ्या चुकीने. यंत्राने ती फक्त जपून ठेवली."

"आणि मिस्टर रागावले नाहीत?" भाषेच्या बाईंनी विचारलं.

"छे हो! म्हणाले, 'बोलताना छान दिसतेस.' इतक्या वर्षांत पहिलं कौतुक, तेही दूध सांडल्यावर!"

नवऱ्याने मान खाली घातली. टाळ्या संपल्यावरच त्याने वर पाहिलं.

खुर्च्या सरकल्या. चहा आला. कप फिरले, पण शेवटच्या बाकापर्यंत आले नाहीत. मुख्याध्यापिकांनी बाईंना बाजूला घेतलं.

"उद्याचे तुमचे पहिले दोन तास मी घेते. सकाळीच दाखवून या."

"परीक्षेनंतर नक्की. शपथ."

"हट्टी आहात."

"घरीही हेच ऐकते," बाई म्हणाल्या. त्यांनी कप तसाच भरलेला खाली ठेवला.

तेवढ्यात भूगोलाचे सर ओरडले, "बाई, अजून चालूच आहे ते! बंद करायचं राहिलं!"

"अगं बाई, पुन्हा!"

त्या लगबगीने आल्या, थेट नवऱ्याच्या समोर. इतक्या जवळ, की कपाळावर सुटलेली पांढरी बट दिसत होती आणि दम लागल्याचं ऐकू येत होतं. त्या स्वतःशीच हसल्या. मग त्यांनी हात पुढे केला.

नवऱ्यानेही हात पुढे केला.

भिंत पांढरी झाली.

प्रोजेक्टरपाशी बसलेल्या संगणकाच्या सरांनी दाराशी उभ्या असलेल्या विज्ञानाच्या नव्या बाईंना खुणेनेच थोडं थांबायला सांगितलं. मग रिकाम्या बाकांमधून मागे येत त्यांनी विचारलं, "काका, परत सुरुवातीपासून लावू?"