एकही मयत न चुकवणारे मंत्री

आरोग्यमंत्री फर्गल मुल्वी सकाळी रेडिओवर आधी निधनवार्ता ऐकायचे, मग जमलं तर बातम्या. आयर्लंडमधल्या त्यांच्या लायट्रिम मतदारसंघात रस्ते खचले तरी चालतं, पण मयतीला न आलेल्याला लोक मत देत नाहीत, हे शहाणपण त्यांना वडिलांकडून खासदारकीबरोबरच मिळालं होतं. म्हणून डब्लिनच्या बैठका सोडून ते प्रत्येक मयतीला हजर राहायचे आणि प्रत्येक घरी तेच एक वाक्य बोलायचे. ते खोटं म्हणायला मेलेला माणूस थोडाच उठून बसतो?

आज गावातला कॉलम वारला होता. शवपेटीपाशी उभ्या त्याच्या म्हाताऱ्या बायकोचा हात मंत्र्यांनी दोन्ही हातांत घेतला.

"ब्रीजकाकू, फार वाईट झालं. अहो, गेल्याच आठवड्यात फोनवर बोललो आम्ही."

"फोन करत होता खरा," काकू शांतपणे म्हणाल्या. "हृदयाच्या ऑपरेशनची तारीख मिळेना, म्हणून रोज लावायचा."

मंत्र्यांनी हात सोडवून घ्यायला बघितलं. काकूंनी तो घट्ट धरला.



"रोज तुझ्या ऑफिसातून एकच उत्तर यायचं, साहेब मयतीला गेलेत."