चार अंशांचा फरक

"हाही चार अंश कमीच दाखवतोय!" इंजिनिअर बाई ओरडली. तिसऱ्या रेकॉर्डरची वायर उपटून फेकून द्यावी, असं तिला वाटलं.

सलाईनच्या भरलेल्या बाटल्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या पोलादी टाकीसमोर ती सकाळपासून उभी होती. टाकीच्या पॅनेलवर आकडा होता १२१, जंतू मरायला लागतो तेवढा. टेबलावरच्या नव्या रेकॉर्डरवर ११७. तापमानाची आपोआप नोंद ठेवणारं एक यंत्र निवडायचं, काम एवढंच. त्यात दीड महिना गेला होता. पहिलं यंत्र तिनं सदोष म्हणून परत पाठवलं. दुसऱ्याच्या विक्रेत्याला फोनवर फैलावर घेतलं. वर मॅनेजरसाहेबांचे टोमणे रोजचेच. "अहो, रेकॉर्डर निवडताय की जावई?"

तिसरा विक्रेता समोरच घाम पुसत उभा होता. "मॅडम, याचं तपासणीचं प्रमाणपत्र आहे माझ्याकडे."

"ते काय करू, फ्रेम करून लावू? पॅनेलशी जुळत नाही तो!"

अठरा वर्षं ही टाकी चालवणारे ऑपरेटर काका मघापासून दोन्ही आकडे बघत होते. ते पुढे आले.

"ताई, रागावणार नसाल तर बोलू?"

"बोला."

"तीन वेगळ्या कंपन्यांची यंत्रं. तिघांनाही एकच खोड कशी लागेल?"

ती काहीतरी फाडकन बोलणार होती. त्याऐवजी लॅबमधली किटली तिनं स्वतः जाऊन आणली, पाणी उकळायला ठेवलं. खळखळत्या पाण्यात नव्या रेकॉर्डरचा सेन्सर सोडला. १००. काकांनी टाकीतली वाफ सोडली, पॅनेलचा सेन्सर सोडवून दिला. तोही तिनं त्याच पाण्यात बुडवला.

१०४.

तिनं पाणी बदलून पुन्हा उकळलं. पुन्हा १०४. विक्रेत्याला हसू येऊ घातलं होतं. तिचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं.

"काका, पहिलं यंत्र परत पाठवल्यापासून किती बॅच काढल्या आपण?"

काकांना रजिस्टर उघडावं लागलं नाही. "एकसष्ट. पण पॅनेल कधीपासून चुकतंय, कोण सांगणार?"

तेवढ्यात फोन वाजला. मॅनेजरसाहेब.

"काय, ठरला का एकदाचा? कुठला घ्यायचा?"



"कुठलाही घ्या, साहेब. तिन्ही बरोबर आहेत," ती म्हणाली. "पण आधी दवाखान्यांत गेलेल्या बाटल्या परत मागवा."