कापसाचे बोळे

"आता घटकाभर म्हातारं होऊन बघा," वृद्धसेवेच्या ऑनलाइन वर्गात मॅडम म्हणाल्या. वैजयंतीने कानांत कापसाचे बोळे कोंबले, चष्म्याला खोबरेल फासलं आणि ती सुईत दोरा ओवायला बसली.

दोरा काही केल्या ओवला जाईना. शेजारच्या खोलीतल्या सासऱ्यांवर आपण "बहिरे झालात का?" म्हणून किती खेकसतो, हे आठवून तिला भरून आलं.

शेवटी दोरा गेला. मोबाइलमध्ये सगळ्यांचे अंधुक हात हलताना दिसले. टाळ्या वाजवत असतील म्हणून तिने हसत बोळे काढले.

"अहो, माइक चालू आहे तुमचा!" मॅडम ओरडत होत्या. "केव्हापासून कुणीतरी 'सूनबाई, सूनबाई' करतंय. मग धाडकन पडल्याचा आवाज आला. आधी आत जा!"

तिच्या हातून सुई फरशीवर पडली. घरात तेवढाच आवाज झाला.