बोल्ट नसलेली रायफल

"बोल्ट असा हरवत नसतो, पोरी. कुणीतरी काढलेला असतो. आधी घरात विचार," हेलेना शहरातल्या बंदुकांच्या प्रदर्शनात म्हाताऱ्या विक्रेत्यानं बजावलं. लोर्नानं कडेवरचं बाळ सावरत ते हसण्यावारी नेलं आणि बाबांच्या रायफलीसाठी बोल्ट विकत घेतला.

आई गेल्यापासून बाबा अबोल झाले होते. व्हिएतनामच्या युद्धावरून आणलेली त्यांची रायफल, गोळी झाडणारा बोल्टच नसल्यानं, नुसती भिंतीला टांगलेली असे.

"अर्धवटच बरी आहे गं. राहू दे," तिनं बोल्ट हातात ठेवला तेव्हा ते म्हणाले.

"गप्प बसा हो बाबा. तेवढंच हातांना काम."

महिनाभर त्यांनी ती घासली, पुसली, जुळवली. फोनवर आवाज इतका मोकळा यायचा, की लोर्नाची काळजीच मिटली. रायफल पुरी झाली त्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी एकच गोळी ऐकली.

दफनानंतर थोरला भाऊ वेस्ली म्हणाला, "तू पाळण्यात होतीस. बाबांनी मला होडीत घालून तळ्याच्या मधोमध नेलं आणि स्वतःच्या हातानं बोल्ट पाण्यात सोडला. घरी येऊन आईला म्हणाले, आता तू निर्धास्त झोप."

लोर्ना आता भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगतेय: तुमचं गप्प राहणारं माणूस एकाएकी आनंदात बोलू लागलं असेल, तर फोनवर भागवू नका. आजच जाऊन बघा.