अच्युतचा दगड

रुचिता दगड क्रशरमध्ये टाकणार, तेवढ्यात दारातून सासऱ्यांचा आवाज आला.

"थांब बेटा!"

शामराव घामानं निथळत होते. भनपुरीच्या ट्रकांच्या गर्दीतून ऑटोनं आले होते. मुलगा आणि सून दगडांची वयं काढतात, हे त्यांनी अख्ख्या रेल्वे कॉलनीला सांगून ठेवलं होतं. पण प्रयोगशाळेत त्यांनी पाऊल आजच टाकलं.

"तो दगड मले दे," ते म्हणाले. "उद्या क्रिया आहे. भटजी म्हणे, देह नाही भेटला तं दर्भाचा पुतळा जाळू. पण जीवखडा तं पाहिजे ना. ज्यानं मडकं फोडतात, दहा दिवस ज्याले पाणी देतात, तो. म्हणे, नदीतला कोणताही चालते. काहून कोणताही? माह्या पोट्ट्यानं उचललेला आहे ना!"

अच्युतला हिमालयातल्या नदीनं ओढून नेलं, त्याला महिना होत आला होता. काठावर ठेवलेली सॅक तेवढी परत आली, आणि सॅकमध्ये हा मुठीएवढा दगड. रुचिता रडली नव्हती. 'रड गं बाई, मोकळी हो' म्हणत शेजारणींनी पाठीवरून हात फिरवून फिरवून पाठ हुळहुळी केली, पण छे! आत सगळं बधिर. आपण बधिर आहोत, याचंही तिला काही वाटत नव्हतं. अच्युत जे शोधायला गेला होता ते उत्तर मिळावं, एवढंच तिला हवं होतं.

"बाबा, हा फोडावा लागते," ती म्हणाली. "डोंगराला घड्या पडल्या, मग तो तुटून सरकला, तेव्हा ह्याच्यात अभ्रक तयार झालं. ते वेगळं काढलं की कळते, डोंगर कधी मोडला ते."

"मग अर्धा फोड. अर्धा मले दे."

"अर्ध्यात नाही भागत. अभ्रक आहेच चिमूटभर."

"दुसरा आणता नाही येत?"

"तो कडाच वाहून गेला, बाबा."

शामरावांचा हात पुढेच होता. तिनं दगड त्यांच्या हातात ठेवला. ह्या माणसाला आता आणखी कशाकशाला नाही म्हणायचं?

त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "सोनं नाही, चांदी नाही. ह्याच्यासाठी गेला?"

"हो. चार वर्षं ह्याच्याच मागे होता."

बराच वेळ ते दगडावरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी तो परत तिच्यापुढे धरला. "लाव तुही मशीन. पोराचं काम अडवाले बाप झालो का मी? भटजीले नदीतला देतो."

क्रशर कडाडला. शामराव हात जोडून उभे राहिले. मशीनपुढे कोणी हात जोडत नाही, पण त्यांना सांगणार कोण?

रुचितानं चुरा चाळला. जाडसर कण वर राहिले, त्यांत अभ्रक लुकलुकत होतं. खालच्या ताटलीत राखाडी, बारीक पीठ साचलं.

"अन हे?" शामरावांनी विचारलं.

"हे कामाचं नाही. बादलीत जाते," ती सवयीनं बोलून गेली.

शामरावांनी खिशातला रुमाल काढून टेबलावर पसरला. ताटली उचलून पीठ त्यावर ओतलं, कडांना चिकटलेलं बोटानं निपटून घेतलं.

"राजीमले नेतो," ते म्हणाले. "संगमावर. अस्थी सोडतात तिथं."

गाठ बांधता बांधता त्यांचे हात थांबले.

"पोरी, गरम आहे गं अजून."

रुचितानं पुरचुंडीवर तळवा टेकवला. खरंच गरम होतं. तिनं हात काढला नाही.