लुगड्याची चिंधी
रांगतं बाळ डावखुरं निघालं म्हणून सासू रोज त्याचा डावा हात लुगड्याच्या चिंधीनं बांधून ठेवायची, आणि तिची पाठ वळली की वर्षा गाठ सोडायची. “घास उजव्या हातानंच खाल्ला पायजे,” सासू म्हणायची. शेवटी सासूला खोटं पाडायला वर्षानं त्याला मुरबाडच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी मेंदूचा फोटो काढून आणायला सांगितला. फोटो बघून त्या म्हणाल्या, “डावखुरा नाही गं. बाळंतपणात तुला ताप होता. त्या इन्फेक्शनच्या सुजेनं त्याच्या मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली. उजवा हात लुळा आहे. डावा रोज बांध, तरच उजवा शिकेल.” घरी येऊन तिनं सगळं सांगितलं, चिंधी सासूपुढे धरली. “आता नाय बांधवत गो,” म्हणत सासू पाठ फिरवून बसली. वर्षानंच गाठ मारली. आई सोडवील या भरवशावर बाळ तिच्याकडे बघून हसलं.