रविवारी सांगणार होते

"तुमचा भाऊ सध्या कुठे आहे?" निर्वासितांचे आश्रयाचे अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं विचारलं.

दुभाषी हबतोमनं प्रश्न तिच्या भाषेत, तिग्रिन्यात सांगितला आणि एरिट्रियातून पळून आलेल्या लेतेब्रहानचं उत्तर इंग्रजीत मांडलं. "तुरुंगात. लष्करातून पळाला म्हणून धरला. मीच त्याला लपवलं होतं, म्हणून ते माझ्याही मागावर आहेत. परत पाठवलंत तर मलाही आत टाकतील. पण तो सुटेल. त्याच्यासाठी मी बुधवारी-शुक्रवारी दुपार टळेपर्यंत पाणीसुद्धा पीत नाही."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं.

तिचा भाऊ किदाने तुरुंगातच मेला, हे कंपालातल्या झाडून सगळ्या एरिट्रियन माणसांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त बहिणीला. मरणाची बातमी कुणीही उठून सांगायची नसते. वडीलधाऱ्यांनी पहाटे मिळून दारात जायचं, दोन्ही अंगांना बायका बसवायच्या, मग तोंड उघडायचं. मुलाखत होऊ दे, रविवारी जाऊ, असं ठरलं होतं. साहेबापुढे पोरीचा आवाज कापायला नको, हे हबतोमचंच म्हणणं.

नाकितेंदेबाई तिच्या वकील. एक पैसा न घेता त्यांनी तिचं प्रकरण चालवलं होतं, आणि वणवण करून किदानेच्या कोठडीतला एक माणूसही हुडकून काढला होता. काल याच खोलीत त्याची साक्ष झाली. "तो काय बोलला ते तिला नीट समजावून सांग," असं बाईंनी हबतोमला बजावलं होतं. साक्ष चांगली झाली, एवढंच त्यानं तिला सांगितलं.

"तुमचा साक्षीदार म्हणतो, भाऊ मेला. त्यानं स्वतःच्या हातानं पुरला," अधिकारी म्हणाला. "मग खोटं कोण बोलतंय? तो, की तुम्ही?"

हबतोमनं शेजारी बसलेल्या बाईंकडे पाहिलं.

"सांगा तिला," अधिकारी म्हणाला.

"साहेब, हे जरा..."

"शब्दाला शब्द. शपथ घेतलीय तुम्ही."

त्यानं सांगितलं. तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही, म्हणून टेबलाकडे बघत सांगितलं.

लेतेब्रहान हलली नाही. "दादा, काल तू इथेच होतास ना?" तिनं हबतोमला विचारलं.

"काय म्हणतेय?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"मला आधीच माहीत होतं का, असं विचारतेय," हबतोम म्हणाला.

बाईंनी हबतोमकडे असं पाहिलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पुढच्याच क्षणी त्या अधिकाऱ्याकडे वळल्या. "साहेब, नोंद घ्या. हिला हे आत्ता, तुमच्यासमोर कळलंय. ती खोटं बोलत नव्हती."

अधिकाऱ्यानं लेतेब्रहानला निरखून पाहिलं. "सख्खा भाऊ गेल्याचं कळलं, आणि डोळ्यांत टिपूस नाही?"

आपली माणसं शेजारी बसल्याशिवाय आमच्यात बाई गळा काढत नाही, असं हबतोमला सांगता आलं असतं. पण दुभाष्यानं पदरचं बोलायचं नसतं.

बाई त्याच्या कानाशी झुकल्या. "तिला सांग, रडायचं असेल तर आत्ता रड. उद्या रडून उपयोग नाही."

हेही त्यानं सांगितलं.

लेतेब्रहाननं अधिकाऱ्याकडे पाहिलं. तो पेन उचलून वाट बघत होता.

"त्यांना विचार, दादा," ती म्हणाली. "किती रडू?"